दीड महिन्याच्या लशीला आईही येते : इंदूरच्या बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील समस्त बालरोगतज्ज्ञ डॉक्टर

स. न. वि. वि.

मी इंदूरच्या एका खासगी बाल-दवाखान्यात सिस्टर आहे. लस टोचणं, वजन-उंची घेणं, फाइल भरणं आणि रडणाऱ्या बाळाच्या आईला ‘झालं हं, झालं’ म्हणणं हे माझं काम. पुढे जे लिहिते आहे ते या कामाच्या जागेवरून, वजनकाट्याशेजारून दिसलेलं आहे.

हे पत्र स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना न लिहिता तुम्हाला का लिहिते, ते आधी सांगते. बाळंतपणानंतर टाके दाखवायला बाई आठवड्याभराने एकदा जाते, दीड महिन्याने जमलं तर आणखी एकदा, आणि मग तिची फाइल कपाटात जाते. मानसोपचारतज्ज्ञाकडे ती आपणहून जात नाही, घरचेही नेत नाहीत. तुमच्याकडे मात्र ती येतेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दाखवायला येते, मग दीड महिन्याला, अडीचला, साडेतीनला, पुढे सहाव्या आणि नवव्या महिन्याला. मे महिन्याची लू असो की रंगपंचमीच्या गेरेसाठी, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्याकडचे रस्ते बंद असोत, लशीची तारीख ती चुकू देत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात तिला सगळ्यात जास्त वेळा भेटणारा डॉक्टर म्हणजे तुम्ही. आणि भेटूनही तिला काही न विचारणाराही तुम्हीच.

राग मानू नका. ती तुमच्यासमोर बसते तेव्हा काय होतं ते मी रोज बघते. वजन किती वाढलं, शी किती वेळा, दूध अंगावरचंच ना, नजर फिरवतो का. उत्तरं बहुतेक वेळा तिची आई देते, नाही तर सासू. ती स्वतः बाळाच्या टोपीची नाडी बांधत असते. मग मी लस टोचते, ताप आला तर थेंब किती द्यायचे ते सांगते, पुढची तारीख लिहिते आणि ‘अर्धा तास बाहेर थांबा’ म्हणते. या अर्ध्या तासाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी आकडा. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २०,००० हून जास्त स्त्रिया एकत्र धरून काढलेलं बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आलं : २२ टक्के. पाचांतली एक. सकाळच्या ओपीडीत दीड-अडीच-साडेतीनची दहा बाळं आली, तर त्यांतल्या दोघांच्या आया. त्या कुठल्या दोन, हे तुम्हाला सांगता येईल? मला तरी चेहऱ्यावरून सांगता येत नाही, आणि मी तुमच्यापेक्षा त्यांच्या जास्त जवळ उभी असते.

पहिल्या आठवड्यातलं रडू मी यात धरत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला उगीच डोळे भरून येणं, चिडचिड, घटकेत हसू घटकेत रडू, हे निम्म्याहून जास्त आयांना होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतं. घरातल्या मोठ्या बायकांना ते ठाऊक असतं. त्यांचं ‘होतं गं असं’ म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरही असतं. पण बारसं झालं, सव्वा महिना झाला, खजराना गणपतीच्या पायावर बाळ घालून आणलं, तरी जिचं मन वर येत नाही, तिलाही तेच ऐकवलं जातं. दीड महिन्याची लस नेमकी या टप्प्यावर येते, म्हणून मला ती तारीख इतकी मोलाची वाटते.

मागे एक आई आली होती. ओळख पटेल असं काही सांगत नाही. बाळ अडीच महिन्यांचं, वजन उत्तम, अंगात घरी विणलेला स्वेटर. आईच्या कपाळाला टिकली, वेणी नीट घातलेली. ‘सगळं छान आहे, सिस्टर,’ असं आजींनी सांगितलं, आणि बाळापुरतं ते खरंही होतं. लस झाली, आजी बिल द्यायला काउंटरवर गेल्या. मी कापूस धरून होते, सहज विचारलं, रात्री झोपू देतो का गं? ती म्हणाली, ‘तो झोपतो. मी नाही झोपत.’ का? ‘झोपले तर याचा श्वास थांबेल.’ रात्रभर ती बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बोटाला वारा लागला की हात काढायचा, शंका आली की पुन्हा धरायचा. चुकून डोळा लागला तर, म्हणून मोबाइलवर दर दहा मिनिटांनी थरथरणारा गजर लावलेला. नवरा पुण्याला, आई शेजारच्या खोलीत. कुणाला पत्ता नाही. हे सगळं तिने मला भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. आजी परत आल्या आणि ती गप्प झाली.

त्या दिवशी फाइलीत वजन, डोक्याचा घेर आणि लशीचा बॅच नंबर एवढंच चढलं. दुसरं काही लिहायला रकानाच नाही. डॉक्टरांना मी सांगितलं, त्यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, ती गेली, आता बरी आहे. पण आजी बिल द्यायला गेल्या म्हणून हे कळलं. त्यांनी पैसे ऑनलाइन भरले असते तर? एवढी मोठी गोष्ट अशा योगायोगावर सोडायची, हे मला पटत नाही.

आता आपल्या मराठी घरांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी बरेच जण या घरांतलेच आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, कुठल्याही गल्लीत बघा : आई-वडील इथे, मुलगी पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ती येते आणि मग इथेच राहते. तोवरच्या तपासण्या तिकडच्या डॉक्टरबाईंकडे झालेल्या, बाळंतपण इथल्या बाईंकडे, लशी तुमच्याकडे. साडेतीन महिन्यांची लस झाली की ती परत जाते, तिकडे नवे बालरोगतज्ज्ञ. बाळाची फाइल तिच्या पिशवीत तिच्याबरोबर जाते. तिच्या स्वतःच्या मनाचं मात्र कुठल्याच कागदावर काही नसतं, त्यामुळे ते एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातच नाही. लग्नाआधी तिला काही गोळ्या चालू होत्या का, दिवस गेल्याचं कळताच त्या घरच्यांनी परस्पर बंद केल्या का, पोटुशी असतानाच ती उदास राहायची का, हे तिकडच्या बाईंना कदाचित माहीत असेल, तुम्हाला नसतं. आणि हा मागचा इतिहास फार महत्त्वाचा आहे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० आयांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गर्भारपणीही मनाचा त्रास होता. म्हणजे आजार बहुतेक वेळा बाळाबरोबर जन्माला येत नाही, आधीपासून घरात असतो.

माहेरपणाला मी नावं ठेवत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिशवाली बाई, आयतं ताट, याची किंमत ज्यांना ते मिळालं नाही त्यांना विचारावी. पण त्याच चाळीस दिवसांत बाळंतिणीने कान उघडे ठेवायचे नाहीत, वाचायचं नाही, फोनवर फार बोलायचं नाही, दारात उभं राहायचं नाही. ज्या मुलीने कालपर्यंत टीम सांभाळली तिला आज खिडकीही कुणी उघडू देत नाही. शिवाय माहेरी दुःख सांगायला तोंड राहत नाही. आई पहाटे पाचला उठून पाणी तापवते, शेगडी पेटवते, स्वतःचे गुडघे दुखत असताना नातवाचे लंगोट धुते, तिला कसं म्हणायचं की मला हे बाळ नको झालंय? सासरी असती तर निदान माहेरच्या आठवणीने रडायची सोय होती.

आणि साडेतीन महिन्यांनी हे सगळं एकदम सुटतं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळी नवाला बाहेर पडणारा नवरा आणि दिवसभर ती आणि बाळ. २०१७ च्या कायद्याने दिलेली २६ आठवड्यांची पगारी रजा ज्यांना मिळते, त्यांचीही तोवर निम्म्याहून जास्त संपलेली असते. तुम्ही साडेतीनची लस देऊन ‘ऑल द बेस्ट’ म्हणता तेव्हा तिचा अवघड काळ संपलेला नसतो. कित्येकींचा तिथून सुरू होतो. म्हणून त्या शेवटच्या भेटीत, पुण्याला जायच्या आधी, पुढच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी आईबद्दलही लिहून द्या. अर्थात तिला विचारून, आणि सासरच्यांच्या हाती पडणार नाही अशा कागदावर.

बापांचंही बघा. २०१० साली अमेरिकेतल्या वैद्यकीय पत्रिकेत बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. बाळाच्या जन्माच्या आगेमागे दहातल्या एका बापाला नैराश्य येतं आणि त्याचं प्रमाण तीन ते सहा महिन्यांच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं. आपल्या हिशेबाने हा काळ बायको-मूल माहेराहून परत आल्याचा. तोवर हा गृहस्थ शुक्रवारी रात्रीच्या बसने पुण्याहून निघतो, शनिवारी लशीला येतो, बाळ रडतानाचा व्हिडिओ काढतो, रविवारी रात्री परत बसमध्ये. एकाने मला विचारलं, ‘सिस्टर, हा माझ्याकडे आला की रडतो. माझ्यात काही कमी आहे का?’ हसून सोडून देण्यासारखा प्रश्न वाटला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. बायको रडली तर कुणाच्या तरी लक्षात तरी येतं. नवरा चिडतो, ऑफिसात बसून राहतो, पिणं वाढवतो, आणि आपण म्हणतो याला अजून जबाबदारी कळली नाही. लशीला आलेल्या बापाला खुर्ची द्या आणि एकदा विचारा, ‘तुमचं कसं चाललंय?’ एवढीच मागणी आहे.

तर तो अर्धा तास. लस टोचल्यावर काही त्रास होतो का बघायला आपण आयांना थांबवून ठेवतो. त्या भिंतीवरची कार्टूनं बघत बसतात. त्या वेळात त्यांच्या हातात एक कागद द्यायचा. तो तयारच आहे. १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये बनवलेली एडिनबरो प्रश्नावली : दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त बेरीज ३०. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते. हसू येतं का, उगीच स्वतःला दोष देता का, कारण नसताना धास्ती वाटते का, अशा तऱ्हेचं. थकवा आणि अंगदुखी यांबद्दल मुद्दाम विचारलेलं नाही, कारण तान्ह्या बाळाची कुठली आई थकलेली नसते? पाच मिनिटांत भरून होते. हिंदीत उपलब्ध आहे, आणि इंदूरच्या मराठी बायकांना हिंदी वाचायला अडचण नाही. त्यावरचं बोलणं मात्र मराठीत होऊ द्या, मन मोकळं करताना बाई आपल्याच भाषेत येते. साधारण १० ते १३ च्या पुढे बेरीज गेली की नीट तपासणी करावी असं मानतात. नेमकी रेष कुठे ओढायची ते तुम्ही आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरजेकडे बघायचंच नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

कागद सगळ्यांना द्यायचा. हे मी अनुभवाने सांगते. तुम्ही चेहरा बघून एखादीलाच दिलात की ‘आमच्या सुनेलाच का?’ हा प्रश्न काउंटरवर आलाच म्हणून समजा, आणि पुढच्या लशीला ते कुटुंब दुसऱ्या दवाखान्यात. सगळ्यांना दिला की तो वजन घेण्याइतका साधा होतो. ‘आईचा फॉर्म आहे, आईनेच भरायचा असतो,’ असं मी ठणकावून सांगू शकते; सिस्टरच्या आवाजाला आजी सहसा उलटून बोलत नाहीत. बाळ आजींच्या हातात द्यायचं, ‘जरा बाहेर फिरवून आणा, शांत होईल’ म्हणायचं, आणि आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर. जिला वाचता येत नाही तिला हळू आवाजात वाचून दाखवायचं. त्यासाठी पडदा लावलेली स्तनपानाची जागा बऱ्याच दवाखान्यांत असते, ती पुरते. दहा प्रश्नही जास्त वाटत असतील तर निदान दोन विचारा : गेल्या महिन्यात मन सारखं खचलेलं, निराश वाटलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही असं झालं का? इंग्लंडमध्ये गर्भारपणी आणि बाळंतपणानंतर याच धर्तीचे दोन प्रश्न विचारण्याची शिफारस आहे.

‘आई आमची पेशंट नाही,’ असं तुमच्यातलेच एक डॉक्टर मला म्हणाले होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं नाही. बाळाच्या एक, दोन, चार आणि सहा महिन्यांच्या तपासणीला आईच्या नैराश्याची चाचणी करावी, अशी त्यांची शिफारस आहे. केरळ सरकारने तर आयांच्या मनाची विचारपूस सरकारी आरोग्यसेविकांच्या कामात घातली आहे. बरं, बाळ तर तुमचं पेशंट आहे ना? मग त्याच्या वजनाकडे बघा. गोव्यात आणि रावळपिंडीत झालेल्या अभ्यासांत नैराश्य असलेल्या आयांची बाळं वजनात आणि उंचीत मागे पडलेली दिसली. वजनाची रेघ आडवी झाली की आपण दूध पुरत नाही म्हणतो, पावडरच्या दुधाचा डबा लिहून देतो, मग डब्याचा ब्रँड बदलतो. आईला पाच मिनिटं विचारायचं राहून जातं. गोव्याच्या २००२ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. मुलगी झाली असेल तर नवऱ्याची मारहाण, घरातली उपासमार यांचा आईच्या मनावरचा भार वेगळाच पडतो. वेटिंगमध्ये ‘दुसरीही मुलगीच का?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी त्या आईला सरळ आत घेते, नंबर नसला तरी.

यावर तुमची खरी अडचण मला माहीत आहे. बेरीज १६ आली, पुढे काय? तुमच्याकडे वेळ नाही, समुपदेशक नाही, मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तर घरचे उठून जातील. या प्रश्नाला खरंच उत्तर लागतं. सगळ्यात आधी, बेरीज म्हणजे निदान नव्हे. रक्त आणि थायरॉइड तपासा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडून बाई अशीच गळून जाऊ शकते, आणि रक्ततपासणीला घरातलं कुणी नाही म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात बाळाचं वजन करायला बोलवा, आणि त्या निमित्ताने आईला पुन्हा विचारा. तोवर घरातल्या एका माणसाला, बहुतेक वेळा तिच्या आईलाच, तिच्या परवानगीने विश्वासात घ्या : रात्रीचं एक दूध दुसऱ्याने बघायचं, तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे. हे तुमच्या लेटरहेडवर लिहून दिलंत तर औषधासारखं पाळलं जातं. आजी डॉक्टरांचं ऐकतात, लेकीचं नाही.

सगळ्याच जणींना मानसोपचारतज्ज्ञ लागतो असंही नाही. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत नैराश्य असलेल्या ९०३ आयांवर एक प्रयोग झाला, तो २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत आला. फार न शिकलेल्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, त्या आयांशी ठरावीक पद्धतीने बोलत गेल्या. सहा महिन्यांनी त्यांच्यात नैराश्य २३ टक्क्यांत उरलं, आणि ज्या आयांना नुसत्याच घरभेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्क्यांत. त्याच पद्धतीची पुस्तिका पुढे जागतिक आरोग्य संघटनेने काढली. तुमच्या प्रत्येक दवाखान्यात माझ्यासारखी एक तरी सिस्टर आहे. आम्हाला चार दुपारी कुणी शिकवलं तर आम्हीही एवढं करू शकू. वरच्या वर्गातल्या वसाहतींत आशा ताई फारशा जात नाहीत, तिथल्या बाईसाठी आरोग्यसेविका म्हणजे आम्हीच. (इंदूरच्या स्वच्छतेचं उदाहरण इथे देणार नाही. इंदूरकर ते कशालाही देतात.)

ज्यांना औषध लागतं, त्यांच्या बाबतीत तुमचा शब्द सगळ्यांत वजनदार आहे. गोळी सुरू केली तर अंगावरचं दूध तोडावं लागेल, या भीतीने बाया औषध घेत नाहीत. घेतलं तर आठवड्याभरात सासू बंद करायला लावते. नैराश्यावरचं सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं आणि स्तनपान चालू ठेवून घेता येतं, हे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं तरी घरचे विचारतात, ‘पण बाळाचे डॉक्टर काय म्हणतात?’ तर म्हणा की. एक वाक्य म्हणा. त्याने एखादीचं सहा महिन्यांचं आयुष्य वाचेल. आणि इंदुरात कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाला फोन केला तर तो बाळंतिणीला दोन दिवसांत बघेल, ते आधीच बोलून ठेवा. चिठ्ठीवर नुसतं ‘सायकियाट्रिस्ट ओपिनियन’ लिहून बाई कुठेही पोचत नाही. ज्यांना फीचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी एमवाय हे सरकारी हॉस्पिटल आहे. आणि रात्री-अपरात्रीसाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची फुकट सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास. लशीच्या कार्डावर तुमच्या दवाखान्याच्या नंबराखाली त्याचा शिक्का मारायला फार तर शंभर रुपये लागतील.

एक गोष्ट मात्र वेळ न काढता करायची. हजारात एक-दोन बायांना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, मनाचा फार तीव्र आजार होतो. झोप लागत नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं भरकटतं, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, बाळ बदललं आहे असं ती म्हणते. जुन्या बायका याला बाळंतवात म्हणून धुरी देत बसतात, बाहेरचं म्हणून उतारे टाकतात. तुम्ही कावीळ बघता त्याच दिवसांत हे घडतं. दिसलं तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवा, घरी पाठवू नका. आई-बाळाला तोडतील या भीतीने घरचे नेत नाहीत, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला दाखल असलेल्या आईपासून सहसा वेगळं करू नये असं लिहिलेलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई-बाळ एकत्र ठेवण्याचा वॉर्ड २००९ पासून आहे. इंदुरात तसे चार पलंग असावेत असं तुमच्यापैकी कुणी मेडिकल कॉलेजात बसून म्हणेल का? सिस्टरचं ऐकत नाहीत तिथे.

एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, आई-बापांबद्दल लिहायला वेगळं पत्र लागेल. तिथे बाप इन्शुरन्सच्या खिडकीवर आणि आई काचेपलीकडे, दोघं एकमेकांशी बोलतही नाहीत. आणि ज्यांचं बाळ गेलं ते तर आपल्याकडे येतच नाहीत. त्यांना एक फोन करायचा नियम एखाद्या दवाखान्याने तरी घालून घ्यावा.

आमच्या दवाखान्यात सध्या मी हा कागद दीड आणि साडेतीन महिन्यांच्या लशीला देते आहे. डॉक्टरांनी सुरुवातीला ‘बघू’ म्हटलं, आता बेरीज जास्त आली की ते स्वतः खुर्ची ओढून बसतात. फाइलीत एक रकाना वाढवला आहे, त्याला नुसतं ‘आई’ असं नाव आहे. हिंदी प्रती छापून ठेवल्या आहेत, गुण कसे मोजायचे ते मागच्या बाजूला आहे. दुपारी दोन ते पाच आपले सगळ्यांचेच दवाखाने बंद असतात. त्या वेळात कुठल्या दवाखान्यातल्या सिस्टरला हे शिकून घ्यायचं असेल तर मी येईन, किंवा तिला आमच्याकडे पाठवा. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल.

आपली नम्र,
लशीच्या टेबलावरची एक सिस्टर
इंदूर